क्लाउडवर नेटवर्क मंदावलं? शेजाऱ्यावर खापर फोडण्याआधी या चुका टाळा

क्लाउडवरचं ॲप रांगायला लागलं की टीमच्या ग्रुपवर पहिला निष्कर्ष ठरलेला असतो : त्याच होस्टवर (आपलं मशिन ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतं त्यावर) दुसरं कुणीतरी दंगा घालतंय. नॉइझी नेबर! कधी ते खरंही असतं. पण माझ्या मते या बिचाऱ्या शेजाऱ्यावर जेवढे आरोप होतात, त्यातले बरेचसे आपल्याच इन्स्टन्सच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या व्हर्च्युअल मशिनच्या, मर्यादांवर व्हायला हवेत. इथे आकडे एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) ईसी-टू या व्हर्च्युअल मशिन सेवेचे घेतले आहेत, कारण ते जाहीर आहेत. इतरांकडे आकडे वेगळे, खेळ साधारण हाच.

कमाल वेग हाच रोजचा वेग समजणं

एम५.लार्ज या इन्स्टन्स-प्रकारापुढे ‘१० गिगाबिटपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. त्याची बेसलाइन, म्हणजे कायम मिळणारा वेग, आहे सेकंदाला ०.७५ गिगाबिट. मधला सगळा वेग क्रेडिटवर चालतो : वापर कमी असताना क्रेडिट साठतं, सलग डेटा ओतला की संपतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सी५.एक्सलार्जचा वेग सलग वापरात साधारण दहा मिनिटं १० गिगाबिट राहिला आणि मग थेट १ गिगाबिटवर उतरला.

म्हणजे आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाची दोन मिनिटांची चाचणी झकास निकाल देणार आणि रात्रीचा बॅकअप मात्र लवकरच धापा टाकायला लागणार. चाचणी घ्यायची तर क्रेडिट संपल्यानंतरही चालू ठेवा, आणि क्षमतेचा हिशोब बेसलाइनवरच मांडा. क्रेडिट शिल्लक असलं तरी हा जादा वेग मिळेलच याची हमी नसते, कारण तो सामायिक असतो. शेजाऱ्याचा खरा संबंध येतो तो इथे.

आणखी एक गफलत : मोठा इन्स्टन्स घेऊन एकाच कनेक्शनवर वेग मोजायचा. क्लस्टर प्लेसमेंट ग्रुपबाहेर (मशिन मुद्दाम जवळजवळ ठेवून घेतलेली नसतील तर) एका फ्लोला, म्हणजे एका कनेक्शनला, साधारण ५ गिगाबिटचीच मुभा असते. आयपर्फला समांतर प्रवाह द्या, चित्र बदलेल.

पाच मिनिटांच्या सरासरीवर विसंबणं

क्लाउडवॉच या एडब्ल्यूएसच्या देखरेख सेवेचं साधं मॉनिटरिंग पाच मिनिटांचा एक आकडा देतं. त्यात अर्ध्या सेकंदाचा स्फोट कुठे दिसणार? आलेख सपाट आणि ग्राहकांच्या तक्रारी चालू, असं झालं तर मशिनमध्ये शिरून ‘एथटूल -एस’ (ethtool -S) चालवा. ईएनए, म्हणजे ईसी-टूच्या नेटवर्क कार्डाचा, ड्रायव्हर नवा असेल तर ‘अलाउन्स एक्सीडेड’ने संपणारे काउंटर दिसतील : येणाऱ्या-जाणाऱ्या बँडविड्थचे, पॅकेट-संख्येचे, कनेक्शन ट्रॅकिंगचे आणि लिंक-लोकलचे (डीएनएससारख्या स्थानिक सेवांकडे जाणाऱ्या पॅकेट्सचे). यातला जो वाढतोय, ती तुमची मर्यादा. हे काउंटर इतके सरळ बोलतात, तरी ते उघडून पाहणारे फार थोडे.

लिंक-लोकलचा काउंटर वाढत असेल तर डीएनएसकडे, म्हणजे नावावरून आयपी पत्ता शोधण्याकडे, पाहा. व्हीपीसीच्या (क्लाउडमधल्या आपल्या खासगी नेटवर्कच्या) रिझॉल्व्हरकडे, म्हणजे नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरकडे, एका नेटवर्क इंटरफेसमधून सेकंदाला १०२४ पॅकेट्सच जाऊ शकतात. कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसमध्ये ‘एनडॉट्स’ची (नावात किती ठिपके असले की ते पूर्ण धरायचं, याची) किंमत मुळात ५ असते, त्यामुळे बाहेरचं साधं नाव शोधतानाही आधी क्लस्टरचे सगळे प्रत्यय लावून पाहिले जातात आणि एका प्रश्नाचे अनेक होतात. नोडवर (क्लस्टरमधल्या मशिनवर) डीएनएस कॅश बसवा, किंवा बाहेरच्या नावाच्या शेवटी पूर्णविरामाचा ठिपका द्या. त्याच नोडवरच्या दुसऱ्या पॉडचा (कंटेनर-गटाचा) त्रास होतोय असं वाटत होतं, तो बहुधा इथेच सापडतो. शेजारी आहे खरा, पण आपल्याच घरातला.

एमटीयू आणि आयसीएमपी

लक्षण ओळखीचं आहे : पिंग लागतो, एसएसएच होतं, पण मोठा रिझल्ट मागितला की कनेक्शन गोठतं. एमटीयू म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. व्हीपीसीच्या आत ९००१ बाइटचं पॅकेट चालतं, इंटरनेटकडे जाताना १५००. वाटेत व्हीपीएन असेल किंवा व्हीएक्सलॅनचं ओव्हरले (नेटवर्कवर रचलेलं दुसरं आभासी नेटवर्क) असेल (ते आणखी ५० बाइट खातं), तर जागा आणखी कमी. ‘पॅकेट लहान कर’ हा निरोप आयसीएमपी या नेटवर्कच्या निरोप्या प्रोटोकॉलने येतो आणि आपण सुरक्षेच्या नावाखाली आयसीएमपीच बंद केलेलं असतं. ‘पिंग -एम डू -एस १४७२’ (ping -M do -s 1472) करून पाहा; अडलं तर आकडा कमी करत जा.

निष्क्रिय कनेक्शन

खासगी मशिनना इंटरनेटवर नेणारा एनएटी गेटवे ३५० सेकंद शांत राहिलेलं कनेक्शन विसरतो. लिनक्सचा कीप-अलाइव्ह (शांत कनेक्शन जिवंत ठेवणारा संदेश) मुळात ७२०० सेकंदांनी जागा होतो. चहा पिऊन आल्यावर पहिलीच क्वेरी ‘कनेक्शन रीसेट’ने पडते ती यामुळे. कीप-अलाइव्ह ३५०च्या खाली आणा. ॲप तो पर्याय सॉकेटवर लावतं का तेही बघा.

सीपीयूचा दोष नेटवर्कच्या माथी

राइस विद्यापीठाच्या वांग आणि एंग यांनी २०१० साली दाखवलं होतं की ईसी-टूच्या स्मॉल इन्स्टन्सवर टीसीपीचा वेग काही दहा-दहा मिलिसेकंदांच्या अंतरानेही १ गिगाबिटपासून शून्यापर्यंत हेलकावत होता. नेटवर्कवर भार फारसा नव्हता. व्हर्च्युअल मशिन प्रोसेसरच्या पाळीची वाट बघत होतं. आज हार्डवेअर पुष्कळ बदललंय, तरी ‘टॉप’मधला ‘एसटी’, म्हणजे स्टील टाइम (प्रोसेसरच्या पाळीची वाट बघण्यात गेलेला वेळ), आधी बघायची सवय लावून घ्या. बर्स्टेबल (क्रेडिटवर जादा सीपीयू देणाऱ्या) टी-मालिकेत तो वाढला तर सीपीयू क्रेडिट संपलंय का ते तपासा.

सगळे काउंटर शून्य, क्रेडिट शाबूत, एमटीयू ठीक आणि तरीही लेटन्सी (उत्तर यायला लागणारा वेळ) उसळतेय? मग शेजाऱ्यावर संशय घ्यायला हरकत नाही. अशा वेळी इन्स्टन्स रीबूट करून उपयोग नाही, तो त्याच होस्टवर राहतो. ‘स्टॉप’ करून ‘स्टार्ट’ करा, बहुतेक वेळा दुसरा होस्ट मिळतो. मात्र त्याआधी इन्स्टन्स स्टोअरवरचा (होस्टच्याच डिस्कवरचा, स्टॉप केल्यावर पुसला जाणारा) डेटा हलवा, आणि इलॅस्टिक आयपी (कायम राहणारा पत्ता) नसेल तर पब्लिक आयपी बदलणार हे धरून चला.