वाफेच्या इंजिनांनी घाटातील रुळांवरचा बर्फ हटवताना

अमेरिकेतील न्यू मेक्सिकोच्या चामा गावातून कोलोरॅडोतील कम्ब्रेस खिंडीकडे जाणारा 3 फुटी लोहमार्ग 25 फुटांमागे 1 फूट चढतो आणि 10,015 फुटांवर पोहोचतो. डोंगर कापून काढलेल्या अरुंद वाटेत बर्फ दाटला, की तो बाजूला सारायला जागाच उरत नाही. त्यामुळे बर्फ बाजूला सारणारा पाचरीच्या आकाराचा साधा नांगर तेथे रुतून बसतो आणि रोटरी नांगर, म्हणजे पुढच्या फिरत्या पात्यांच्या चाकाने बर्फ कापून दूर फेकणारा नांगर, काढावा लागतो.

रोटरीला स्वतःचा बॉयलर असतो. मात्र त्याची वाफ केवळ पुढचे पात्यांचे चाक फिरवते. नांगराला पुढे रेटण्याचे काम मागची इंजिने करतात. आपल्या बोर घाटात गाडीला मागून जोर देणारी बँकर इंजिने असत, तशीच ही व्यवस्था आहे. फरक इतकाच, की येथे अधिक जोर लावणे हाच मोठा धोका असतो.

चाक बर्फाला भिडण्यापूर्वीच पुरेशा वेगाने फिरत असले पाहिजे. उडणाऱ्या बर्फामुळे मागच्या ड्रायव्हरांना पुढचे काहीच दिसत नाही, म्हणून त्यांनी नांगरावर बसून इशारे देणाऱ्या पायलटच्या शिटीनेच चालावे. चाकाची गती मंदावू लागताच रेटा कमी करावा, आणि चाक अडकलेच तर मागे सरून फावड्यांनी बर्फ मोकळा करावा. बर्फ फेकणारे तोंड शक्यतो उताराच्या व वाऱ्याच्या दिशेला ठेवावे, नाहीतर उडवलेला बर्फ पुन्हा रुळांवरच येतो.

डोंगरावरून कोसळून आलेल्या बर्फात चाक थेट घालू नये. त्यात ओंडके आणि दगड असतात व त्यांनी पाती मोडतात; म्हणून माणसांनी आधी सळया खुपसून ते शोधून काढावेत. रोटरीमागून रुळांच्या आतल्या कडांचा बर्फ खरवडणारा फ्लँजर न्यावा, पण मार्ग बदलणाऱ्या सांध्यांवर आणि फाटकांवर त्याची पाती न चुकता उचलावीत.

परतीची वाट मागे कोसळलेल्या बर्फाने बंद होऊ शकते. जानेवारी 1952 मध्ये कॅलिफोर्नियातील डॉनर खिंडीजवळ ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही गाडी 226 जणांसह तीन दिवस अडकली, तेव्हा सुटकेला निघालेले रोटरी नांगरही बर्फात सापडले. म्हणून शक्य असल्यास ताफ्याच्या शेवटी उलट तोंडाचा दुसरा रोटरी जोडावा. मुक्काम पडलाच तर भट्टी विझू देऊ नये आणि वापरात नसलेल्या नळ्यांतले पाणी काढून टाकावे, कारण ते गोठले की नळ्या फुटतात.