इंटरॅक्ट क्लबचा कारभार दिवाळीनंतरच सोपवला

आमच्या शाळेतल्या इंटरॅक्ट क्लबची मी प्रभारी शिक्षिका. १२ ते १८ वयोगटासाठी रोटरी या समाजसेवी संघटनेने १९६२ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. वर्षाला किमान दोन प्रकल्प: एक शाळेसाठी किंवा गावासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्याचा. आमची अडचण दरवर्षी तीच. पदाधिकारी दहावीचे, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा देऊन बाहेर. जुलैत नवी अध्यक्षा विचारायची, "बाई, रद्दी न्यायला कोण येतं? वृद्धाश्रमात कोणाशी बोलायचं?" सांगणारं कुणीच नसायचं.

म्हणून निवड दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच घेतली, नववीतून. पूर्वपरीक्षा लागेपर्यंत जुना-नवा सचिव शेजारी बसून इतिवृत्त लिहायचे. शिवाय एक जाड वही केली. त्यात मुलांनीच लिहायचं, मी हात लावत नाही. एका मुलीने लिहिलंय, "आजोबांना सफरचंद चावत नाही, केळी न्यावीत." असलं ज्ञान अहवालात कधी येत नाही, आणि खरं काम त्यावरच चालतं.

पदग्रहण समारंभ मात्र जुलैतच ठेवला, रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं म्हणून. यंदा समारंभाआधीच मुलांनी रद्दीवाल्याशी भाव ठरवून टाकला होता.