सहीसाठी दारात ताटकळायचं नसेल तर

पार्सल द्यायला दोन मिनिटं आणि सहीला दहा, हे डिलिव्हरीवाल्यांचं रोजचंच. खरा वेळ सही करण्यात जात नाही, सही करणारा माणूस सापडण्यात जातो. म्हणून फोन दारात पोहोचल्यावर करू नका, आधीचं पार्सल देऊन निघतानाच करा.

१. फोनवर एकच विचारा: "सही कोण करणार? नाव सांगून ठेवा." ऑफिसची डिलिव्हरी असेल तर हे फारच उपयोगी पडतं. साहेब मीटिंगमध्ये असले तरी रिसेप्शनवरचं किंवा स्टोअरमधलं कुणाचं तरी नाव मिळतं आणि गेटवर तेच सांगता येतं.

२. गाडीतून उतरण्याआधी ॲपमध्ये सहीचं पान उघडून ठेवा. कागदी चलान (डिलिव्हरीची पावती) असेल तर सहीच्या जागी पेन्सिलने फुली मारा. पेन दोन बाळगा. एक हमखास ग्राहकाच्या खिशात जातं.

३. नग जास्त असतील तर आधी मोजून दाखवा, मग सही मागा.

कितीही घाई असली तरी ग्राहकाच्या नावाने स्वतः सही ठोकू नका. पार्सल मिळालं नाही अशी तक्रार आली, की तीच सही तुमच्या अंगाशी येते.