बाबा गर्द घेतात, हे मुलाला कसं सांगावं

सिगारेटच्या पाकिटातली चांदी आमच्या घरात टिकत नसे. बाबा तिच्यावर गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ठेवून खालून काडी धरायचे. हे मला आठव्या वर्षी कळलं, कुणीही न सांगता. मग दिसेल ती चांदी उचलून मी गणिताच्या वहीत दडपू लागले. चांदी संपली की बाबा बरे होतील, असा माझा हिशोब. तरी ते घ्यायचेच. मला वाटायचं, एखादी माझ्याच नजरेतून सुटली.

म्हणून ‘त्याला काय कळतंय’ हे आधी डोक्यातून काढा. अर्धं त्याला दिसतंच. उरलेलं मूल ‘माझंच चुकलं’ असं समजून भरून काढतं.

सांगायला भांडणाची रात्र नको. बाबा घरात नसताना, मटार सोलता सोलता सांगा: “बाबांना गर्दचं व्यसन लागलंय. तो आजार आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तुला तो बरा करता येणार नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत.” एवढंच. पण पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

‘आता बाबा कधीच घेणार नाहीत’ असा शब्द देऊ नका. उपचारानंतरही व्यसन उलटतं. बाबांचे खिसे तपासायला पोराला लावू नका. आणि रागाच्या भरात ‘बापावर गेलीस’ म्हणू नका. माझी आई म्हणायची. अजून बोचतं.

झोप उडणं, अंथरूण ओलं होणं, शाळेच्या वेळीच पोट दुखणं याकडे लक्ष असू द्या. फार शहाण्या मुलाकडे जास्तच. मला चौथीत ‘समजूतदार विद्यार्थिनी’चं बक्षीस मिळालं होतं! आता मी स्वतः शिकवते, आणि धाकट्या बहिणीचा डबा भरून, तिची वेणीफणी उरकून येणारी मुलगी दिसली की तिला आधी गाठते.

घरात आरडाओरडा झाला तर दप्तर उचलून कुठे जायचं, हे शेजारच्या काकूंशी आधीच बोलून ठेवा. मारहाण होत असेल तर १०९८ला फोन करा. मुलाच्या मनासाठी १४४१६, व्यसनासाठी १४४४६. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय. तिथे घरच्यांशीही बोलतात.

सगळं ऐकून मूल बहुधा एवढंच विचारेल, “आज भाजी काय?” भाजी सांगा. खरा प्रश्न रात्री दिवा मालवल्यावर येतो. तोवर जागे राहा.