पोर्ट्रेट शूटच्या आधी फोटोग्राफरला काय सांगायचं

"छान काढा हं" एवढंच सांगून कॅमेऱ्यासमोर उभं राहू नका, कारण त्याचं छान आणि तुमचं छान वेगळं असू शकतं. आधी फोटो कुठे वापरणार ते सांगा. प्रोफाइलसाठी असेल तर तो छोट्या गोलात कापला जातो, म्हणजे चेहरा मोठा हवा, आणि भिंतीवर लावायचा असेल तर साइज आधीच सांगा, कारण ८ बाय १० इंचाच्या चांगल्या प्रिंटला साधारण २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, नंतर क्रॉप करत बसलात की तेवढे उरत नाहीत.

मोबाइलमध्ये आवडलेले चार-पाच फोटो ठेवा आणि प्रत्येकात नक्की काय आवडलं ते बोला, लाइट, पोज की नुसता मूड. न आवडणारे दोन दाखवलेत तर अजून बरं, खरं तर त्यातूनच त्याला जास्त कळतं!

नाक मोठं दिसतं असं वाटत असेल तर लाजू नका, सरळ सांगा. कॅमेरा फार जवळ आला की तसं होतंच, फोटोग्राफर थोडा लांब जाऊन ८५ एमएमसारखी, लांबूनही चेहरा मोठा दाखवणारी लेन्स लावेल. चष्मा असेल तर काचेवरच्या चमकेचं पण आधीच बोलून ठेवा.

आणि रिटचिंग! पिंपल काढा पण तीळ ठेवा, सुरकुत्या पुसू नका, जे काय असेल ते शूटच्या आधीच, शक्यतो मेसेजवर लिहून. किती फोटो मिळणार, कधी मिळणार, तेही त्याच मेसेजमध्ये विचारून टाका.