बिल कोरं आलं म्हणून ॲप उडवू नका: टॅबलेटवर बिलं करणाऱ्या दुकानदारांनो, या चुका टाळा

कुडाळ, कणकवली, मालवण, वेंगुर्ले या पट्ट्यातल्या दुकानांना बिलिंगचे टॅबलेट आणि छोटे प्रिंटर बसवून देणं, आणि अडलं की जाऊन बघणं, हे माझं रोजचं काम. फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतंच. एक बारीकशी चूक झालेली असते, आणि ती निस्तरायच्या घाईत कुणीतरी दुसरी, मोठी चूक करून ठेवलेली असते. पहिलीने पाच मिनिटं जातात, दुसरीने हिशेब जातो.

कोरं बिल आणि घाईचा हात

हायवेलगत काजू, कोकम आगळ, मालवणी मसाल्याचं एक दुकान आहे. गौरी-गणपतीचं विसर्जन झालेलं, चाकरमानी परतीच्या वाटेवर, दुकानापुढे गाड्यांची रांग. अशा वेळी काकांचा फोन आला, "कागद कोरोच येता रे, आता काय करूचा?" मी वेंगुर्ल्यात होतो. "कशाला हात लावू नका, येतोय," म्हटलं आणि निघालो.

मी पोचेपर्यंत सणाला आलेला त्यांचा भाचा कामाला लागला होता. आधी त्याने ब्लूटूथ तोडून पुन्हा जोडलं. मग टॅबलेट बंद करून चालू केला. तरी कागद कोराच, म्हणून ॲप काढून टाकलं आणि नव्याने घेतलं. पोरगा हुशार, मदतीच्या भावनेनेच धावलेला. पण मोबाइल अडला की ॲप उडवून परत टाकायचं, ही सवय त्याने दुकानाच्या गल्ल्यावर आणली होती.

मी प्रिंटरचं झाकण उघडलं आणि हेडकडे, म्हणजे छापणाऱ्या पट्टीकडे, येणाऱ्या कागदाच्या बाजूवर नख ओढलं. काही उमटलं नाही. कागद पालथा करून ओढलं, काळी रेघ आली. गर्दीत रोल संपला होता आणि कुणीतरी नवा रोल उलटा बसवला होता. या प्रिंटरांत शाई नसते. कागदाच्या एका बाजूला रसायनाचा थर असतो, हेडची उष्णता लागली की तो काळा पडतो. दुसरी बाजू साधा कागद. रोल फिरवला, झाकण लावलं, बिल आलं.

मग काकांनी कालची विक्री बघायला मागितली. स्क्रीनवर चार दिवसांपूर्वीपर्यंतचीच बिलं होती. पावसात केबल तुटून नेट बंद होतं आणि त्या वळणावर मोबाइलला धड रेंज नाही. ॲप ऑफलाइन चालत होतं, बिलं टॅबलेटच्या पोटातच साठत होती. वरच्या कोपऱ्यात "सिंक बाकी", म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर अजून न चढलेली बिलं, म्हणून आकडा वाढत होता, तो कुणी वाचला नव्हता. ॲप काढलं तशी ती सगळी बिलं गेली. सर्व्हरवर ती पोचलीच नव्हती, मग परत आणणार कुठून?

पुढच्या तीन रात्री आम्ही हिशेब पुन्हा उभा केला. यूपीआयने आलेले पैसे बँकेच्या खात्यावरून उतरवले. रोखीचा आधार काकींनी दिला. रोज रात्री गल्ला मोजून त्या आकडा कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहितात. कोणता माल किती गेला हे काजूची पाकिटं आणि आगळाच्या बाटल्या मोजून ठरवलं. त्या चार चौकटी नसत्या तर रोखीची विक्री अंदाजाने मांडावी लागली असती.

आणखी एक घोळ उरलाच. नव्या ॲपने बिलाचे नंबर जुन्या सिंकच्या पुढून धरले, म्हणजे गिऱ्हाइकांच्या हातात गेलेलेच नंबर पुन्हा पडायला लागले. जीएसटीत बिलाचा नंबर ओळीने यावा लागतो, त्या आर्थिक वर्षात एकदाच यावा लागतो आणि १६ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. एकापेक्षा जास्त मालिका मात्र चालतात. म्हणून नंबराच्या सुरुवातीचं अक्षर बदलून नवी मालिका सुरू केली, आणि काय झालं ते त्यांच्या सीएला लेखी कळवलं. दोन टॅबलेट असतील तर पहिल्या दिवसापासून दोघांना वेगळी अक्षरं द्या. ऑफलाइन असताना दोघेही एकच नंबर फाडतात.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी कागद, नखाने. मग झाकण नीट बसलं का आणि बॅटरी किती. मग सेल्फ-टेस्ट: बहुतेक प्रिंटरांत फीडचं, म्हणजे कागद पुढे सरकवायचं, बटण दाबून धरायचं आणि प्रिंटर चालू करायचा, म्हणजे तो स्वतःची माहिती छापतो. ही चिठ्ठीही कोरी आली तर दोष कागदाचा नाहीतर हेडचा, टॅबलेटला हात लावायचं कारणच नाही. चिठ्ठी छान आली तर मग ब्लूटूथ आणि ॲपची सेटिंग. ॲप काढायची वेळ आलीच तर "सिंक बाकी" शून्य दिसल्याशिवाय नाही. माझ्याकडच्या प्रत्येक दुकानात हे वाक्य मी टॅबलेटच्या पाठीवर चिकटवून येतो.

लाइट गेली आणि प्रिंटर हरवला

टॅबलेटला बॅटरी आहे, म्हणजे लाइट गेल्यावर काम चालणार, असं धरून चालतात. टॅबलेट चालतो, पण वायफायचा राऊटर इन्व्हर्टरवर नसतो. प्रिंटर वायफायवर किंवा लॅनच्या वायरवर असेल तर राऊटर गेला की छपाई गेली. आपल्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून किती वेळा जाते ते सांगायला नको. पंखा एक कमी लावा, पण राऊटर आणि प्रिंटर इन्व्हर्टरवर घ्या.

लाइट परत आली की दुसरं दुखणं सुरू होतं. राऊटर नव्याने उठतो आणि प्रिंटरला नवा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, देऊ शकतो. ॲप जुन्याच पत्त्यावर बिल पाठवत राहतं आणि "प्रिंटर ऑफलाइन" म्हणतं. प्रिंटर तर समोर हिरवा दिवा लावून बसलेला! सेल्फ-टेस्टच्या चिठ्ठीवर आताचा पत्ता छापून येतो, तो ॲपमधल्या पत्त्याशी ताडून बघा. कायमचा उपाय म्हणजे राऊटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवणं. दहा मिनिटांचं काम आहे. बसवून देणारा ते न करता निघाला तर त्याला दारातून परत बोलवा.

साठवणीचंही तसंच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांतल्या वह्या आणि कॉम्प्युटर चिखलात गेले. टॅबलेटवरचं बिलिंग घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच, की हिशेबाची एक प्रत दुकानाबाहेर असते. सिंक बंद ठेवलं तर ती प्रत नाही. नेट नसेल तर रात्री मोबाइलचा हॉटस्पॉट लावा, रेंज येते तिथे टॅबलेट घेऊन जा, पण आकडा शून्यावर आणूनच झोपा.

मराठी बिल आणि प्रश्नचिन्हं

हौसेने मालाची नावं मराठीत भरली, बिल काढलं, आणि फणसपोळीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली. लगेच "प्रिंटर फॉल्टी" म्हणून परत पाठवायची तयारी. प्रिंटर चांगला असतो. स्वस्त थर्मल प्रिंटरात इंग्रजी अक्षरांचा साचा आतच असतो, देवनागरीचा सहसा नसतो. काना, वेलांटी, जोडाक्षर जुळवायचं त्याला जमत नाही. म्हणून ॲपने अक्षरं पाठवायची नाहीत, बिलाचं चित्र करून पाठवायचं. सेटिंगमध्ये "इमेज" किंवा "ग्राफिक" छपाई असा पर्याय शोधा. छपाई थोडी हळू होते, बॅटरी थोडी जास्त जाते.

तेवढ्यासाठी कित्येकजण परत इंग्रजीवर जातात, याचं मला वाईट वाटतं. कणकवलीच्या एका किराणा दुकानात मराठी बिल सुरू करून दिलं त्या दिवशी एक आजी काउंटरलाच चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. सोलं, तूरडाळ, गूळ. गूळ दोनदा लागला होता, तो त्यांनीच दाखवला. ॲप घेण्याआधी त्यातून एक मराठी बिल छापून मागा. छापून दाखवता येत नसेल तर ते ॲप घेऊ नका.

दमट हवा, खारा वारा

रोल काउंटरखाली उघडे ठेवतात. आषाढ-श्रावणात कागद ओल धरतो, मऊ पडतो आणि हेडला चिकटून अडकतो. मी रोल स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायला सांगतो, पापड ठेवतो तसे. एका वेळी दोन महिन्यांपुरतेच घ्यायचे.

छापलेलं बिलही टिकत नाही. ऊन, गाडीच्या काचेमागचा ताप, तेलाचे हात आणि प्लॅस्टिकचं पाकीट, या सगळ्यांनी ते फिकट होतं. मिक्सर, पंखे विकणाऱ्यांनी हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं. वॉरंटीचं बिल जपून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलं जातं आणि वर्षाने कोरा कागद निघतो. बिलाचा फोटो काढून ठेवायला सांगा किंवा पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवा. तुमच्या खरेदीची थर्मल बिलंही आल्या दिवशीच स्कॅन करा, कारण जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात आणि हा कागद तेवढा टिकेल याचा भरवसा नाही.

किनाऱ्यावरच्या दुकानांत चार्जिंगचं भोक आधी खराब होतं. खाऱ्या हवेने आतलं तांबं हिरवं पडतं. मासळीवाल्या काउंटरला ओल्या हाताने वायर लावायची नाही, हा नियम घरच्या पोरांनाही लावा.

बाकीच्या चुका, थोडक्यात

५८ मिमी रुंद कागदाचा प्रिंटर आणि ॲपमध्ये ८० मिमीची सेटिंग: रक्कम खालच्या ओळीत घसरते. ५८ वर साध्या अक्षराची एका ओळीत ३२ अक्षरंच बसतात, मालाची नावं आखूड ठेवा.

बिलावर उभी पांढरी रेघ दिसली तर हेडवर घाण आहे. प्रिंटर बंद करून थंड होऊ द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने हलकेच पुसा. सुरीचं टोक लावाल तर ती रेघ कायमची.

एका छोट्या ब्लूटूथ प्रिंटरला दोन टॅबलेट जोडू नका. एकाने धरून ठेवला की दुसऱ्याला तो सापडत नाही.

प्रिंटर यादीतच दिसत नसेल तर ॲपची परवानगी बघा. अँड्रॉइड १२ पासून "जवळपासची डिव्हाइस" ही परवानगी लागते, त्याआधीच्या टॅबलेटांवर लोकेशन चालू लागतं.

आंब्याच्या दिवसांत "पेटी" एवढंच नाव भरू नका. चार डझनाची पेटी वेगळी, पाच डझनाची वेगळी, दोन स्वतंत्र नावं करा. नाहीतर साठा कधीच जुळत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. माल भरताना जुनी यादी तशीच उचलली असेल तर सीएला समोर बसवून एकदा तपासा.

सणाच्या आदल्या संध्याकाळी नवी मशीन बसवायला मला बोलावू नका, मी येत नाही. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी बोलवा. त्या दिवशी आपण रोल मुद्दाम संपवू आणि काउंटरवरच्या प्रत्येकाकडून नवा बसवून घेऊ. राऊटर बंद करून दहा बिलं फाडू, राऊटर चालू करू, आणि "सिंक बाकी" दहावरून शून्यावर येईपर्यंत स्क्रीनकडे बघत बसू.