बिल एव्हन्स ऐकायचाय? मग आधी पियानो सोडा

बिल एव्हन्स हा अमेरिकन जॅझ पियानोवादक मी पहिल्यांदा ऐकला तो इस्त्री करता करता. मोबाइल खिडकीच्या कट्ट्यावर, त्याच्या इवल्याशा स्पीकरवर 'वॉल्ट्झ फॉर डेबी' आणि समोर शर्टांचा ढीग. तीन शर्ट होईपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं: गोड आहे, पण लिफ्टची वाट बघताना वाजतं तसलं. पुढची दोन वर्षं मी त्याच्या वाटेला गेले नाही. दोष स्पीकरचा होता. त्यातून बासचे, म्हणजे उभ्या, माणसाएवढ्या तंतुवाद्याचे, खालचे स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाहीत, आणि या माणसाच्या पियानो-बास-ड्रम अशा त्रिकुटातून बास वजा केला की फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी बसल्यासारखं होतं. एकाच बाजूचं ऐकू येतं आणि आपण म्हणतो, काय हा बडबडतोय.

तेव्हा आधी हेडफोन घ्या. महागडे नकोत, कानावर नीट बसणारे पुरे. शफल बंद करा, कारण एव्हन्सने एकेक धून वीस-वीस वर्षं वाजवली आहे. शफलमध्ये १९५६ आणि १९८० एकमेकांच्या अंगावर येऊन पडतात आणि आपल्याला वाटतं आपणच ढ. आणि त्याचं चरित्र तूर्त वाचू नका. का, ते पुढे सांगते.

सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण 'काइंड ऑफ ब्लू'कडे बोट दाखवतात. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा १९५९चा अल्बम, पियानोवर एव्हन्स. सल्ला वाईट नाही, पण तिथे सगळ्यांचे कान ट्रम्पेटकडे लागलेले असतात. शिवाय 'फ्रेडी फ्रीलोडर'वर पियानो विंटन केलीचा आहे. ते ऐकून "वा, काय एव्हन्स!" म्हणू नका. मी म्हटलं होतं, चारचौघांत.

माझं म्हणणं, थेट २५ जून १९६१ला जा. रविवार. न्यूयॉर्कमधल्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये तळघरातला एक क्लब, व्हिलेज व्हॅनगार्ड. पियानोवर एव्हन्स, बासवर स्कॉट लाफारो, ड्रमवर पॉल मोशन. दुपारी दोन आणि संध्याकाळपासून तीन अशा पाच बैठका त्या दिवशी रेकॉर्ड झाल्या आणि त्यातून दोन अल्बम निघाले: 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. दुसरा आधी ऐका.

त्यातली पहिली धून 'माय फूलिश हार्ट'. चाल इतकी संथ, की पहिल्यांदा ऐकताना पुढचा स्वर येतोय की नाही अशी धाकधूक होते. पहिल्या वेळी काही करू नका, नुसती वाजू द्या. दुसऱ्या वेळी पियानोकडे चक्क दुर्लक्ष करून फक्त बास धरा. लाफारो इथे अगदी कमी वाजवतो: एक लांब, जाड स्वर, मग मोकळी जागा, मग पुढचा. तिसऱ्या वेळी फक्त मोशन. काठ्या नाहीत, ब्रश आहेत. ड्रमच्या कातड्यावर फिरणारा तो सळसळाट आणि मधूनच झांजेवर हलकासा स्पर्श. चौथ्या वेळी पियानो. आता स्वर सुरू कुठे होतो ते नको, संपतो कुठे ते ऐका. एव्हन्सचा स्वर विरत असतानाच खालचा दुसरा स्वर जागा बदलतो आणि त्या एका बोटाच्या हालचालीने आख्खा रंग पालटतो. यात दाखवण्यासारखं तानबाजीचं काही नाही. तो मूळ चालच सांगतो, फक्त शेजारचे स्वर बदलत बदलत.

मला हे कळायला जवळजवळ महिना लागला. रोज रात्री एकदा. मुलगा म्हणायचा, "आई, परत तेच?"

जरा त्याच्या डाव्या हाताविषयी बोलू, कारण बाकीचं सगळं तिथून निघतं. कॉर्डला, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या जुडीला, एक पायाचा स्वर असतो, ज्याच्या नावाने ती ओळखली जाते. आधीचे बरेचसे पियानोवादक तो डाव्या हाताने खाली वाजवायचे. एव्हन्स तो अनेकदा सोडून देतो आणि तिसरा, सातवा, नववा असे वरचे स्वर कीबोर्डच्या मधल्या भागात एकमेकांना चिकटून ठेवतो. पाया बास सांभाळेल, हा हिशेब. गंमत अशी, की लाफारोही तो दर वेळी सांभाळत नाही! तोही वर चढून पियानोशी गप्पा मारायला येतो. मग पाया वाजवतं कोण? कधी कधी कोणीच नाही. तो आपल्या डोक्यात वाजत असतो. पहिल्यांदा ऐकताना जे अधांतरी वाटतं, त्याचं कारण हे. सवय झाली की याचाच नाद लागतो.

आता त्याच अल्बममधली 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. डेबी म्हणजे त्याची पुतणी, भाऊ हॅरीची मुलगी. ही ऐकताना गुडघ्यावर बोटाने मोजा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. मुखडाभर बरोबर जमेल. मग एका जागी बोट अडखळेल. चुकलो असं वाटून पुन्हा सुरू कराल, पुन्हा अडखळाल. चूक तुमची नाही. सगळे तिघं चारच्या मोजणीवर गेलेले असतात, कसलाही गाजावाजा न करता. ती जागा मी वहीत मिनिट-सेकंदासकट लिहून ठेवली आहे, पण सांगणार नाही. ती स्वतः सापडण्यात जो आनंद आहे तो हिरावून घेणारे चाहते मला भेटले आहेत, त्यांच्यातली व्हायचं नाही.

एवढं झालं की १९५६चा 'न्यू जॅझ कन्सेप्शन्स' काढा. तिथे हीच धून तो एकटा वाजवतो, दीड मिनिटाच्या आत. सुबक, घडी घातलेल्या रुमालासारखी. पाच वर्षांत तिचं काय झालं ते ऐका.

त्या रविवारच्या सगळ्या बैठका आता एकत्र मिळतात. 'ऑल ऑफ यू' तीनदा आहे. तिन्ही लागोपाठ लावा आणि तेवढाच लाफारो ऐका. मला स्वतःला मधली आवडते. यावरून भांडायला मी तयार आहे.

आता चरित्राचं. त्या दिवसानंतर अकराव्या दिवशी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. एव्हन्सने पुढे काही महिने जाहीर वाजवणं जवळजवळ सोडलंच. हे कळलं की त्या रेकॉर्डिंगमधला प्रत्येक स्वर आपल्याला शोकगीतासारखा ऐकू येऊ लागतो, आणि तिथेच आपण फसतो. त्या रविवारी कोणालाच काही माहीत नव्हतं. नीट कान द्या: ग्लास किणकिणतायत, कुणी बोलतंय, एक बाई हसतेय. लोक निवांत दुपार घालवायला आलेत. स्टेजवरचे तिघं खेळतायत. दुःख आपण बाहेरून आणतो. एव्हन्सच्या व्यसनांच्या कहाण्यांचंही तेच. त्या खऱ्या आहेत, १९८०मध्ये ५१व्या वर्षी तो गेला त्यात त्यांचा मोठा वाटा होता, पण त्यांनी स्वर सुंदर झाला नाही.

एकटा पियानो हवा असेल तर 'पीस पीस', १९५८. डावा हात शेवटपर्यंत दोनच कॉर्डवर झुलतो. उजवा आधी साधं काही गुणगुणतो आणि हळूहळू असे स्वर टाकू लागतो, जे त्या झोक्याशी अजिबात जमत नाहीत. पहाटे एकेक पक्षी जागा व्हावा तसे. ही धून कामाच्या मागे लावू नका, फुकट जाते. 'कन्व्हर्सेशन्स विथ मायसेल्फ'मध्ये त्याने स्वतःच्याच रेकॉर्डिंगवर पुन्हा पियानो वाजवून थर चढवले, त्याला ग्रॅमीही मिळालं. मला गर्दी वाटते. नंतर कधीतरी ऐका.

शेवटच्या त्रिकुटाला मात्र वेळ द्या: बासवर मार्क जॉन्सन, ड्रमवर जो लाबार्बेरा. 'नार्दिस' शोधा. आधी एकट्या पियानोची लांबलचक, अस्वस्थ भटकंती, मग तिघं एकदम. १९६१चा हळवा माणूस मनात धरून गेलात तर दचकाल. मी दचकले होते.

चाहत्यांचा चिवटपणा बघायचा असेल तर 'सीक्रेट सेशन्स' आहेच. एका चाहत्याने १९६६ ते १९७५ या काळात व्हॅनगार्डमध्ये बसून गुपचूप केलेली रेकॉर्डिंग, पुढे आठ सीडींचा संच म्हणून निघाली. आवाज यथातथाच. पण टेबलाखाली मशीन लपवून नऊ वर्षं बसणाऱ्या माणसाच्या कानाने ऐकायला मिळतं.

दुसऱ्या कोणाला ऐकवायचं झालं तर एकच धून लावा आणि तोंड बंद ठेवा. "आता बघ, आता बघ" केलंत की समोरचा संगीत सोडून तुमचा चेहरा बघत बसतो. माझ्या मुलाला मी एकदा न बोलता हेडफोन दिले. पाच मिनिटांनी त्याने एक कान उघडा केला आणि विचारलं, "हे ग्लास कुणाचे वाजतायत?"

मी म्हटलं, "बास ऐकू येतोय का?"

"कुठला बास?"

मी धून पुन्हा पहिल्यापासून लावली.